जीपमधला कूलर

नागपूरच्या माझ्या घरमालकांची आठवण आली की आधी माझे कान तापतात. लाजेनं. एरवी मी लाजरा माणूस नाही. वर्गभर पोरांसमोर बडबड करून पोट भरणाऱ्याला लाजून चालत नाही. पण या गृहस्थांनी मला जितकं लाजवलं, तितकं माझ्या सख्ख्या नातेवाइकांनाही जमलेलं नाही, आणि आमच्याकडे त्या कामाला वाहून घेतलेली मंडळी काही कमी नाहीत.

मी सांगलीकडचा. एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायला नागपुरात गेलो आणि प्रताप नगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागलो. खोली दाखवून झाल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तुमची दुसरी सोय काय हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या माह्यं-तुमचं नाही पटलं, त कुठं जासान?"

माझं सामान अजून खाली टेम्पोत होतं. मी टेम्पोकडे बघू लागलो, तेव्हा त्यांनीच मागच्या गल्लीतल्या एका रिकाम्या खोलीचा पत्ता मला लिहून दिला, तिथल्या मालकाचा स्वभाव कसा आहे तेही सांगितलं, आणि मगच आपल्या खोलीची किल्ली हातात ठेवली. किल्ल्याही अर्थात दोन.

काकांचं, म्हणजे या घरमालकांचं, सगळं आयुष्यच या दुसऱ्या सोयीवर उभं होतं. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. दाराला विजेची घंटा, आणि वीज गेली तर ओढायला सुतळीला बांधलेलं बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. देवळात गेले की एक चप्पल या दाराशी काढत आणि दुसरी लंगडत लंगडत त्या दाराशी नेऊन ठेवत. एकट्या चपलेला चोर हात लावत नाही म्हणत. लग्नाच्या पंगतीत बसताना खिशात पोळीची गुंडाळी. "इथलं अन्न पुरलं त चांगलंच हाय," असं ते वाढणाऱ्याच्या तोंडावर सांगत. शेजारी मी बसलेला असे. वाढणारा माझ्याकडे बघे आणि मी पत्रावळीतल्या मिठाकडे.

सरकारी खात्यातून शाखा अभियंता म्हणून ते निवृत्त झाले होते. ज्या जीपमधून नोकरीभर नहरांच्या, म्हणजे कालव्यांच्या, काठानं हिंडले, तीच जीप पुढे लिलावात निघाली, तेव्हा ती घरी घेऊन आले. वर ताडपत्रीचं छत, बाजू उघड्या. चारही चाकांना जोर देणारा तिचा दांडा ते भाजी आणायला जातानाही टाकायचे. समोर धड पूल असला तरी जीप शेजारच्या नाल्यात घालायचे. पूल कधी खचेल सांगता येत नाही, नाला कुठं पळून जातो?

काकू याच्या अगदी उलट. मोजकं बोलणारी, हसताना पदर तोंडाशी नेणारी बाई. त्यांच्या घराचं पुढचं दार कधी लावलेलं नसे, नुसता पडदा असे. मला वाटलं, हीही काकांचीच खोड. मी आपला सांगलीकडचा रीतभात पाळणारा माणूस. कॉलेजला निघताना जिन्यातून उतरलो की ते दार अलगद ओढून घ्यायचो. एरवी काकू तेव्हा मागच्या अंगणात असत. एके दिवशी त्या आत असताना ओढलं आणि आतून काकूंची अशी किंकाळी आली की माझ्या हातातली बॅग पडली. काका मागून धावत आले, दार सताड उघडलं, आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले. चिडले नाहीत. जिन्याच्या पायरीवर माझ्या शेजारी बसले.

"तिले बंद जागेत जीव घाबरते, प्रोफेसर. एका नातेवाइकाकडं लिफ्टमधी अटकली होती. लाइट गेली, एकटीच होती आतमधी. तवापासून हे असं हाय. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. नुसती झोपूनच राहे दिवसभर. मंग सोडल्या."

मी काहीतरी सहानुभूतीचं बोललो.

"कोणाले सांगू नका. तिच्या माहेरी त बिलकूलच नाही. एकदा का बाई डोक्यानं गेली म्हणलं, का मंग तिच्या हातचा चहाबी लोक वास घेऊन पेतात."

काकूंचं माहेर पारशिवनीकडचं, धानाची शेती असलेलं मोठं घर. तिथून बोलावणी येत आणि काका फोनवर ती मोडून काढत. मला पित्त झालं, मला प्रवास मानवत नाही, मला तिच्यावाचून जेवण जात नाही. प्रत्येक वेळी मला. काकूंच्या माहेरी जावई असा बदनाम झाला होता की बायकोला घराबाहेर पडू न देणारा विक्षिप्त माणूस म्हणून त्याचं नाव निघायचं. काकांना ते ठाऊक होतं. "म्हणू द्या न," म्हणायचे. "मी त तसा हावोच."

आणि मग भाचीचं लग्न निघालं. मुहूर्त ऐन नवतपातला, भर दुपारचा. नवतपा म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. इतरांसाठी एवढंच सांगतो की मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत तिथले कावळेसुद्धा दुपारी कामाला निघत नाहीत. काकूंनी पत्रिका हातात घेतली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला.

"यंदा मले जायचंच हाय. पोरीची सख्खी आत्या हावो मी."

काकूंच्या धाकट्या भावानं फोन केला, एसीची गाडी पाठवतो म्हणाला. काकांनी फोनवरच सांगून टाकलं, "मले एसीनं सर्दी होते." एसी म्हणजे काचा वर, दारं बंद. काकू त्यात पहिल्या चौकापर्यंतही टिकल्या नसत्या. उघड्या जीपमधून न्यावं, तर त्या उन्हात त्यांच्या वयाला आणि रक्तदाबाला ते झेपणारं नव्हतं. गावी मुक्काम करावा, तर रात्री बंद खोलीत निजायची वेळ येणार आणि सगळं उघडं पडणार. दिवस मावळल्यावर निघावं, तर काकांना अंधारात दिसत नसे. म्हणजे लग्न लावून त्याच दुपारी परत. एक आठवडाभर काका अंगणात जीपभोवती फिरत होते. मग जिन्याखालून हाक आली.

"प्रोफेसर! सापडलं. जीपमधी कूलर लावून राहिलो!"

नागपूरच्या माणसालाच सुचावी अशी ही गोष्ट. त्यांनी ओळखीच्या कूलरवाल्याकडून पत्र्याचा छोटा कूलर बनवून घेतला, त्यात भंगारातल्या मोटारीचा पंखा बसवला, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. पण जीपचा डायनामो म्हातारा. तो गाडीपुरतं कसंबसं कमवायचा. कूलर त्यावर टाकला असता तर गाडी जागच्या जागी मेली असती. तेव्हा दुसरी बॅटरी आली. सीटच्या मागे लाकडी पेटीत तिला बसवलं, जाडजूड तारा ओढल्या, आणि पहिली व दुसरी यांच्यामध्ये शेतातल्या मोटारपंपाचा असतो तसला लोखंडी खटका. गाडी मोकळ्या रस्त्यानं पळत असली की खटका वर, म्हणजे डायनामोकडचं उरलंसुरलं दुसरीला. गाडी थांबली की खटका खाली, दोघींचा संबंध तुटला.

बॅटरीवाला म्हणाला, यासाठी आता एक डबी मिळते, ती आपोआप जोडते, आपोआप तोडते.

"जे आपोआप होते," काका म्हणाले, "थे कधी होणं बंद झालं, थे आपल्याले समजत नाही." मग माझ्याकडे वळून, "पयली बॅटरी म्हणजे घरचं कर्तं माणूस. तिच्या ताटातलं कोणी उचलाचं नाही. कूलरनं आपलं खावं."

खटका ओढायचं काम माझं. कूलरमध्ये कॅननं पाणी टाकायचंही काम माझं. काकांचे हात स्टिअरिंगवर, आणि काकूंनी खटक्याला हात लावायचा नाही, कारण कूलर अधिकृतपणे काकूंचा नव्हताच. कोणी विचारलं तर तो काकांना गरमी सोसत नाही म्हणून होता.

दुसरी बॅटरी किती टिकते ते पाहण्यासाठी त्यांनी मला एका रविवारी भर दुपारी अंगणात उभ्या जीपमध्ये कूलरसमोर बसवून ठेवलं. त्या पंख्याचा आवाज असा की अख्खी गल्ली गच्चीवर आली. समोरच्या वहिनींनी तोंडाला दुपट्टा बांधूनच विचारलं, "काहून सर, घरातून काढलं का तुम्हाले?" मी हसलो. कसा हसलो ते मलाच माहीत.

रस्त्यावरची चाचणी त्याहून वाईट. सिग्नलला जीप थांबली, मी खटका खाली ओढला, मागून कॅन उचलून पाणी ओतायला लागलो, आणि शेजारच्या दुचाकीवर माझ्याच वर्गातली दोन पोरं. पंख्यानं त्यांच्या तोंडावर तुषार उडवले.

"सर," एक जण फार आदरानं म्हणाला, "वारा लागून राहिला का?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर जीप काढलेली होती. कूलर होता, ताट्या होत्या, पाणी ओतणारा मी होतो. चित्र चांगलं होतं. मी ते पुसलं, नफा-तोटा पत्रक शिकवायला घेतलं आणि मनात ठरवलं की लग्नाला काही मी जायचा नाही. संध्याकाळी घरी आलो तर काकू माझ्यासाठी आंब्याचं पन्हं घेऊन पडद्याशी उभ्या. "सर, तुम्ही येऊन राहिले न? तुमच्यानं जमते हे सारं." मी पन्हं प्यायलो आणि कॅन धुवायला घेतला.

लग्नाच्या सकाळी आम्ही निघालो. काकू मागे कूलरच्या समोर, नारिंगी नऊवारीत, नाकात नथ. मी त्यांच्या शेजारी, मांडीवर पाण्याचा कॅन. कामठीपर्यंत मी तोंडावर रुमाल बांधून घेतला होता. तिथं सगळेच बांधतात, पण माझं कारण ऊन नव्हतं. काकू मात्र दोन्ही बाजूंची शेतं पाहत होत्या, हे अमक्याचं, ते तमक्याचं असं सांगत होत्या. गावाजवळ काकांनी रस्ता सोडून जीप कोरड्या नाल्यात घातली, कूलरमधलं निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं, आणि काकू मोठ्यानं हसल्या. पदर तोंडाशी नेला नाही. त्यांना तसं हसताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

काकांचा हिशेब पक्का होता. मांडवात पोचल्यावर कूलर बंद, थेंबभर वारा कोणाला नाही, उरलेली बॅटरी परतीची. सोबत चार्जर होताच, ती दुसरी सोय. पण गावातली वीज सकाळपासून गेलेली. जनरेटर आणला होता, तो थोडा वेळ भोंगे वाजवून तापला आणि बसला. जीप मांडवाला लागून कडुलिंबाखाली उभी केली, कूलरवर चादर टाकली, आणि काकू आत बायकांच्या खोलीत न जाता जीपमध्येच हातपंख्यानं वारा घेत बसून राहिल्या. "त्याईच्या गाडीकडं ध्यान ठेवतो," म्हणाल्या. बायका आपसात बघायच्या आणि नजर काकांकडे वळवायच्या. बिचारीला इथंही सोडत नाही.

लग्न लागलं. पंगतीची तयारी सुरू झाली आणि नवरदेवाच्या वडिलांना उन्हानं गरगरायला लागलं. भारी देहाचे गृहस्थ, शर्टाची बटणं सोडलेली, दोघांनी हाताला धरलेले. कोणीतरी म्हणालं, अरे त्या जीपमध्ये कूलर आहे. वरात वळावी तशी सगळी मंडळी जीपकडे वळली. पुढे काकूंचा भाऊ.

"भाऊजी, जरासा कूलर चालू करा. व्याह्यायले बसवू."

काका कूलरसमोर उभे राहिले. "नाही जमत."

भावाला वाटलं ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं.

"नाही जमत म्हणलं न. वापस जाताना मले लागते. मले गर्मी सहन नाही होत."

हे बोलणारा माणूस भर उन्हात बोडक्या डोक्यानं उभा होता आणि त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. वरपक्षातला एक तरुण हसला. "मांडवात कूलर आणला आन् चादर टाकून ठेवला! असा पाहुणचार पयल्यांदा पाह्यला." दुसऱ्यानं माझ्याकडे बोट केलं, "आन् हे कोण?"

काकांनी शांतपणे ओळख करून दिली. "हे प्रोफेसर हाय. कूलरमधी पाणी टाकतात."

धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. कॅन माझ्या हातातच होता. मला खरं काय ते ठाऊक होतं, आणि सांगायला तोंड उघडायची सोय नव्हती. लोक हसत होते, चिडत होते, नवरदेवाचे वडील "राहू द्या, राहू द्या" म्हणत धापा टाकत होते, आणि काकूंच्या भावानं, मुलीच्या बापानं, सगळ्यांदेखत काकांसमोर हात जोडले.

"भाऊजी, आजच्या दिवस तरी माही इज्जत ठेवा. बहिणीले त कधी येऊ दिलं नाही तुम्ही, मी बोललो का?"

काका जागचे हललेही नाहीत. अपमानाची त्यांना सवयच होती. आणखी एक झेलायचा आणि चारला निघायचं, इतकाच त्यांचा विचार असावा.

तेवढ्यात काकू जीपमधून खाली उतरल्या. उतरताना नऊवारीचा काठ खटक्यात अडकला, तो त्यांनी सोडवला.

"थे खोटं बोलून राहिले," त्या म्हणाल्या. आवाज लहानच होता. "कूलर माह्यासाठी हाय. मले बंद गाडीत बसता येत नाही. घरातबी दार लावलं का जीव जाते माहा. म्हणून मी इतके दिवस आली नाही. त्याईनं नाही अडवलं मले. कधीच नाही अडवलं."

मांडवातला कालवा बसला. मी काकांकडे पाहिलं. पंगतीत पोळी काढताना, देवळात लंगडताना, आत्ता शिव्या खाताना ज्या माणसाच्या चेहऱ्यावर लाजेचा लवलेश मी कधी पाहिला नव्हता, त्यानं मान खाली घातली होती. गळ्यातला शेला उगाच दोन्ही हातांनी पिळत होते. "काहून बोललीस वं," एवढंच पुटपुटले.

भावजय पुढे आली. तिनं काकूंचा हात धरला. ती रागावली होती, पण तो राग वेगळा होता.

"मंग आम्हाले सांगाचं नव्हतं का, बाई? उन्हाळ्यात इथं घरात कोण झोपते? सारेच आंगणात खाटा टाकतो. कोणतं दार लावलं असतं तुम्हाले?"

कोणी हसलं नाही. कोणी चहाचा वास घेतल्यासारखं तोंडही केलं नाही. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "मले विहिरीत वाकून पाह्यलं का असंच होते," आणि पानाचा डबा उघडून बसली.

"सर, चालू करा," काकू म्हणाल्या.

काका नको म्हणतील म्हणून मी थांबलो. ते कूलरसमोरून बाजूला झाले. मी चादर काढली, पाणी ओतलं, पंखा सुरू केला. नवरदेवाचे वडील बसले, मग नवरी येऊन बसली, मग तिच्या मैत्रिणी. ज्याला त्याला वारा हवा होता. काका मांडवाच्या कडेला उभे राहून पंख्याचा आवाज ऐकत होते. तो हळूहळू खोल गेला, कण्हला आणि थांबला.

काकू त्या दिवशी परत आल्या नाहीत. माहेरी राहिल्या, पाठवणीनंतरची सगळी आवराआवर होईपर्यंत. भावानं पाया पडून काकांनाही राहायचा आग्रह केला; इतका मान त्या घरात त्यांना कधी मिळाला नसेल. पण ते ऐकेनात. घरी पाणी भरायचं आहे म्हणाले. निघताना काकू अंगणात खाटेवर बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्यांनी हात हलवला आणि परत बोलण्यात रमल्या.

आम्ही दिवस असेतोच निघालो. मी सवयीनं मागेच बसलो, रिकाम्या कूलरशेजारी. ऊन उतरलं होतं, तरी वारा भाजत होता. या वेळी काकांनी नाल्यात जीप घातली नाही, सरळ डांबरी रस्ता धरला. कन्हानचा पूल येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं माझ्यावर चिडलेत, पंखा मी सुरू केला म्हणून. मी म्हटलं, "काका, झालं ते बरंच झालं. काकू किती खूश होत्या."

"हाव," ते म्हणाले. "एका वाक्यात झालं."

पूल संपला. त्यांनी जीपचा वेग कमी केला.

"घरचे लोक काही म्हणतीन, काही म्हणतीन... कोणीच काही नाही म्हणलं, प्रोफेसर. मीच कोंडून ठेवली तिले. लोकायच्या भेवानं."

हे ते मला सांगत नव्हतेच. मी मागे होतो, त्यांची नजर रस्त्यावर होती, आणि त्यांचे खांदे हलत होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचंच मला बरं वाटलं.